काकांचं एकच क्रियापद

४ नोव्हेंबर, सोमवार

निवृत्त झाल्यावर शिकवणी घेणार नाही, असं घरभर जाहीर केलं होतं. आज घेतली. धाकटी बहीण म्हणते, "तू शिकवणं सोडणं म्हणजे मांजरानं दूध सोडणं." बरं, नाही सोडलं. तिचं काय जातंय?

विद्यार्थी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा — मागच्या गल्लीतले चष्मेवाले काका. चौकातलं चष्म्याचं दुकान त्यांचंच. माझा पहिला चष्मा त्यांनी केलेला, तेव्हा मी दोन वेण्या घालत होते. आता दुकान हाताखालच्या माणसाला चालवायला दिलंय आणि घरात भाचा आणि भाचेसून राहायला आलीत. भाचेसून स्वतः येऊन बोलावून गेली. गोड बाई आहे. काकांचा मुलगा वारला, सून परदेशातली, नात तिकडेच वाढली. नातीला मराठी येत नाही आणि काकांना दुकानापुरत्या सुट्या शब्दांपलीकडे इंग्रजी. म्हणून मामांनी इंग्रजी शिकायचा हट्ट धरलाय म्हणे. (तिच्या नवऱ्याचे मामा, म्हणून तीही मामाच म्हणते.)

"आम्हाला तर येस-नोच्या पुढे काही येत नाही हो. नातीचा फोन आला की नुसतं हॅलो हॅलो करत बसतो," असं म्हणाली. मग निघताना आवाज खाली आणून, "मामा हल्ली काहीबाही बोलतात. सगळ्यांवर संशय. तुम्ही मनावर घेऊ नका."

वय झालं की होतं असं. आमच्या वडिलांना शेवटी शेवटी वाटायचं की शेजारी त्यांची छत्री पळवायला टपलेत. भिकार छत्री ती, तिला कोण विचारतंय.

७ नोव्हेंबर, गुरुवार

पहिला तास. काकांची खोली वरच्या मजल्यावर, बाहेर लहानशी बाल्कनी. खिडकीशी काच घासायचं जुनं चाक, शेजारी बारीक कप्प्यांचं कपाट, खाटेजवळ स्टुलावर फोन. भाचेसून दाराशी खुर्ची टाकून विणत बसली. मामांना एकटं सोडत नाही म्हणे, चक्कर येते त्यांना.

काकांनी मला नमस्कारही करू दिला नाही. "बाई, चष्मा वाकडा बसलाय. काढा." काढला. दोन बोटांनी काडी जरा दाबली, फुंकर मारली, परत दिला. गेले वर्षभर नाकावर वळ उठत होता तो विषय संपला.

मग म्हणाले, "मला एकच क्रियापद शिकवा."

मी म्हटलं, काका, भाषा अशी एका क्रियापदावर चालत नाही. टेबल एका पायावर उभं राहील का?

"नातीच्या तोंडून ऐकलेला तेवढाच शब्द लक्षात राहिलाय. लेट."

मी म्हटलं, "लेट म्हणजे उशीर तो नव्हे ना?" ते म्हणाले, "उशीर तर झालाच आहे. पण तो नव्हे."

घ्या. विद्यार्थी हजरजबाबी आहे. मग मीही पदर खोचला. लेट म्हणजे देणे, पण वस्तू देणे नव्हे. जाऊ देणे, बोलू देणे, बसू देणे. आपण मराठीत क्रियापदाला 'ऊ' लावून पुढे 'देणे' ठेवतो ना, ते सगळं काम इंग्रजीत हा एक शब्द करतो. कोणाला देणे, ते त्याच्या लगेच पुढे. आणि काय करू देणे, ते त्याच्या पुढे, नुसतं, उघडं — त्याला 'टू' चिकटवायचं नाही. शंभरातली नव्वद मुलं तिथेच माती खातात.

"लेट मी गो. मला जाऊ द्या."

काका म्हणाले, "म्हणजे त्यांचा मी हा आपला मला." इतक्या वर्षांत एकाही मुलाला हे सुचलं नव्हतं.

मग स्वतःचं वाक्य करायला सांगितलं. डोळे मिटून जुळवलं आणि सावकाश म्हणाले, "लेट मी टॉक टु माय ग्रँडडॉटर." 'टॉक'च्या आधी 'टू' नाही. पहिल्या दिवशी! कान तृप्त झाले.

तास संपल्यावर भाचेसुनेला दारात गाठलं. ही माझी शाळेपासूनची पद्धत. मूल आज काय शिकलं, कुठलं वाक्य केलं, बरोबर की चूक, ते पालकाला तोंडी सांगून मगच पायरी उतरायची. पुष्कळ पालक मला बघून गल्ली बदलायचे. ही मात्र नीट कान देऊन ऐकत होती. "काय म्हणाले, मला माझ्या नातीशी बोलू द्या? अगदी असंच म्हणाले?" मी म्हटलं, अगदी असंच, आणि एकही चूक नाही.

असा पालक मिळायला भाग्य लागतं.

११ नोव्हेंबर, सोमवार

स्टुलावर फोन नव्हता. बिघडला, दुरुस्तीला दिलाय. काका मधूनमधून त्या रिकाम्या स्टुलाकडे बघत होते. सवय दुसरं काय.

आज तिसरा पुरुष आणि भूतकाळ. तो, ती, म्हटलं की 'लेट'ला शेपूट लागतं, 'लेट्स'. भूतकाळात मात्र काही बदलत नाही. काल जाऊ दिलं तरी लेट, आज जाऊ देतात तरी लेट. काकांना हे पटेना. "मग काल आणि आज ओळखायचं कशावरून?" मी म्हटलं, आजूबाजूच्या शब्दांवरून. "आणि आजूबाजूला कुणी नसलं तर?" मी म्हटलं, काका, व्याकरणात इतकं खोल शिरायचं नसतं, बुडतो माणूस.

त्यांचं वाक्य — "द मेड लेट्स मी सिट इन द बाल्कनी. शी लेट मी फोन यस्टरडे. नो आन्सर." भांडीवाली मला बाल्कनीत बसू देते. काल तिनं तिच्या फोनवरून मला फोन करू दिला, पण कुणी उचलला नाही. वर्तमान आणि भूत एका दमात. मी टाळीच वाजवली.

शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "आय वोन्ट लेट यू गो विदाउट टी, टीचर." चहाशिवाय जाऊ देणार नाही! मी त्याचा अर्थ सांगायच्या आत भाचेसून विणकाम ठेवून चहा टाकायला उठलीसुद्धा. मनकवडी आहे बाई.

चहा झाल्यावर दारात सगळी वाक्यं सांगितली. भांडीवालीचं वाक्य तिनं पुन्हा विचारलं. मी खुलासा केला, नीट, शब्द सुटा करून.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

भांडीवालीला काढली. हात चलाख होता म्हणे. बाल्कनीच्या दाराला कुलूप. काका पडतील बिडतील.

काका आज गप्प गप्प. वाक्य विचारलं तर बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. वेध घेतल्यासारखे, नंबर काढताना बघायचे तसे. मग म्हणाले, "माय नेफ्यू डझन्ट लेट मी रीड द पेपर्स. ही वॉन्ट्स माय साइन. फॉर द हाउस."

भाचा मला कागद वाचू देत नाही. त्याला माझी सही हवी आहे. घरासाठी.

मी म्हटलं, काका, 'साइन' हे क्रियापद झालं. नाम 'सिग्नेचर'. पुन्हा म्हणा. त्यांनी पुन्हा म्हटलं. अगदी सावकाश, एकेक शब्द माझ्या हातावर ठेवल्यासारखा. दारात सांगताना मी ती दुरुस्तीही सांगितली.

रात्री जेवताना धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, "कसले कागद ग?" मी म्हटलं, वाक्य आहे ते. उदाहरण. आयुष्यभर मी 'वाघाने माझ्या काकांना खाल्ले' छापाची वाक्यं तपासली, कधी वाघ शोधायला गेले का?

"गेली नाहीस खरी," एवढंच म्हणाली आणि भांडी उचलली. तिचं हे असं अर्धवट बोलणं मला मुळीच आवडत नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

काकांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. ओळखूच आले नाहीत आधी, चेहरा सोलल्यासारखा दिसत होता. "काडी तुटली, दुरुस्तीला दिलाय," भाचेसून म्हणाली. फोन दुरुस्तीला, चष्मा दुरुस्तीला. घरात एकदम सगळंच मोडायला आलंय, आमच्या शाळेसारखं.

दाराला नवी कडी बसवलीय. बाहेरच्या बाजूनं. पितळी, अजून चकचकते. काका झोपेत चालतात म्हणे.

आज 'लेट'च्या आधी 'डोन्ट' लावायला शिकवलं. डोन्ट लेट हिम फॉल — त्याला पडू देऊ नका. काकांनी खुर्ची जवळ ओढली. चष्मा नाही, म्हणून मला बघायला जवळ यावं लागत असेल. भाचेसून दाराशी विणत होती. काकांनी आवाज चढवला नाही की उतरवला नाही, नेहमीच्या वर्गातल्या आवाजात म्हणाले,

"प्लीज, टीचर. डोन्ट लेट हर नो. व्हॉट आय से. डोन्ट लेट हर नो."

काय वाक्य! 'हर', 'शी' नव्हे. 'नो' उघडं. वर 'प्लीज'. मी म्हटलं, "शंभरपैकी शंभर, काका!" तर त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, या वयात शाबासकी मिळाली की होतं तसं. माझेही भरून आले, खोटं कशाला बोलू.

दारात भाचेसुनेला सांगितलं — आज म्हणाले, तिला कळू देऊ नका. मी जे बोलतो ते तिला कळू देऊ नका. ती हसली. "कुणाला हो?" मी म्हटलं, कुणाला असं नाही, उदाहरण आहे ते.

"उदाहरणं छान करतात मामा," ती म्हणाली.

पायऱ्या उतरताना वरून काहीतरी पडल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर ती दार लावून घेत होती.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काका झोपाळलेले. डोकं सारखं छातीवर येत होतं. नवीन गोळ्या सुरू केल्यात म्हणे, झोपेच्या.

वाक्य विचारलं. म्हणाले, "आय हॅव नो सेन्टेन्स, टीचर."

मी चिडले. म्हटलं, चार दिवसांत सगळं विसरलात? इतका चांगला चाललेला विद्यार्थी! ते भिंतीकडे तोंड करून बसले. दारात काय सांगायचं हा प्रश्न पडला. पहिल्यांदाच. सांगितलं, आज लक्ष नव्हतं. भाचेसून म्हणाली, "असू द्या हो."

घरी आले. जेवले नाही. धाकटीनं विचारलं तर तिच्यावरच खेकसले.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आजचं सगळं लिहून ठेवते.

सकाळी माझ्या चष्म्याचा स्क्रू निघाला. चौकातल्या दुकानात गेले. तिथे बसणारा माणूस काकांच्याच हाताखाली तयार झालाय. स्क्रू बसवत होता तेव्हा सहज विचारलं, काकांचा चष्मा झाला का? इथेच दिला असेल ना दुरुस्तीला?

तो हसला. "साहेबांचा चष्मा? बाई, साहेब जेवणाचं ताट दुसऱ्याला देतील, स्वतःचा चष्मा नाही कुणाच्या हातात देणार. आणि तुटली काडी तर तिथल्या तिथे बसवतील, डोळे झाकून. आता परदेशात बसवत असतील."

परदेशात?

"गेले ना नातीकडे, महिना झाला. भाचा येऊन सांगून गेला, आता कायमचे तिकडेच. आम्हाला भेटलेसुद्धा नाहीत जाताना. वाईट वाटलं."

बाहेर येऊन पानपट्टीच्या बाकावर बसले. गेला महिनाभर माणूस त्या खोलीत आहे आणि गावाच्या लेखी तो विमानात बसून गेला. भांडीवाली गेल्यावर त्याला बघणारी बाहेरची बाई एकच. मी.

मग एकेक तास आठवत गेला. नातीशी बोलू द्या म्हणाले — फोन गेला. भांडीवाली बसू देते म्हणाले — भांडीवाली गेली, बाल्कनी गेली. कागद वाचू देत नाहीत म्हणाले, तर डोळ्यांवरचा चष्माच गेला. आणि हे सगळं घेऊन त्या बाईच्या दारात कोण गेलं? मी गेले. खुलासा करून सांगितलं, शब्द सुटे करून. तो माणूस विनवून म्हणाला, तिला कळू देऊ नका, आणि मी त्याला मार्क दिले. आणि जाऊन तिला सांगितलं.

त्याला त्या घरात बोलायला एकच भाषा उरली होती, जी ऐकणाऱ्या बाईला कळत नाही, आणि मी तिला ती रोज मराठीत करून देत होते.

धाकटीला सगळं सांगितलं. ती एक शब्द लागट बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. चौकीत जाऊ म्हणाली. जाऊन सांगू काय? काकांनी 'लेट'ची वाक्यं केली? भाचा सांगणार, मामांना भ्रम होतो, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. मी कोण, तर शिकवणीची बाई. त्यांचं माणूस पाहिजे. नात पाहिजे.

नातीचा नंबर फक्त काकांकडे आहे, त्यांच्या डोक्यात. सोमवारपर्यंत थांबायचं. बाईसाहेब, जीभ आवरायची.

२४ नोव्हेंबर, रविवार

झोप नाही. काका उद्या माझ्यावर विश्वास कशाला ठेवतील? मी त्यांच्या जागी असते तर ठेवला नसता.

२५ नोव्हेंबर, सोमवार

गेले. भाचेसून नेहमीसारखी हसली, नेहमीसारखी दाराशी बसली. पायापाशी लोकरीचा गोळा.

काका खाटेवर. दाढी वाढलेली. मी येऊन बसले तरी मान वळवली नाही. मी पुस्तक उघडलं आणि वर्गातल्या आवाजात म्हटलं, "आय वोन्ट लेट हर नो, काका. नॉट टुडे. नेव्हर अगेन." मी तिला कळू देणार नाही. आज नाही. पुन्हा कधीच नाही.

हळूहळू वळले. चष्म्याविना ते डोळे कुठे बघतात कळत नव्हतं. मी पुन्हा म्हटलं. म्हटलं, आय ॲम सॉरी.

मग म्हटलं, "टेल मी द नंबर. युवर ग्रँडडॉटर्स नंबर. लाइक ग्लासेस."

चष्मेवाल्यांचं काय आहे, की इंग्रजी येवो न येवो, आकडे इंग्रजीतच असतात. जन्मभर गिऱ्हाइकांचे नंबर तसेच सांगितलेले. काकांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. पाठ ताठ केली. आणि दुकानात गल्ल्यामागून ओरडायचे तसे, खणखणीत, एकेक आकडा सांगत गेले. मी प्रत्येक आकडा परत म्हटला. पोरं पाढे म्हणतात तसे आम्ही दोघा म्हाताऱ्या माणसांनी तो नंबर दोनदा घोकला.

मध्येच दाराशी सुयांचा आवाज थांबला. टाका सुटला असेल. मी वळून बघितलं नाही.

निघताना काकांनी हात पुढे केला. माझा चष्मा मागितला, बोटांनी चाचपला, काडी दाबली, परत दिला. काहीच बिघडलेलं नव्हतं त्याचं. "थँक यू, टीचर," म्हणाले.

दारात भाचेसून उभी. "आज काय काय शिकले मामा?"

मी म्हटलं, विशेष काही नाही, उजळणी.

"वाक्य नाही सांगितलंत? रोज सांगता."

म्हटलं, "लेट इट रेन. पाऊस पडू दे." ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "छान आहे हो वाक्य," आणि माझ्या चपला पायानं सरळ करून पुढे सरकवल्या.

नंबर ओठांत धरून घरी पळत आले. वाटेत कुणीतरी हाक मारली, ओ दिली नाही. धाकटी कागद घेऊन तयारच होती.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

लागला. तिसऱ्यांदा लागला. नात बोलली!

पोरीचा आवाज थेट काकांसारखा, खर्जातला. मी कोण, कुठली, सगळं सांगितलं. आधी विश्वास बसेना तिचा. तिला सांगितलंय की आजोबा आता कुणाला ओळखत नाहीत, बोलणं बंद झालंय, फोन दिला तर घाबरतात. आंटी दर रविवारी फोनवर आजोबांची खबर देते म्हणे, बिचारी खूप करते त्यांचं. घराचे कागद आंटी पाठवणार आहे, त्यावर हिचीही सही हवीय, आजोबांच्या औषधपाण्यासाठी.

मी म्हटलं, पोरी, तुझे आजोबा काल माझ्याशी बोलले. तुझा नंबर त्यांना तोंडपाठ आहे. त्यांनी सर्वांत पहिलं जे इंग्रजी वाक्य केलं ते सांगू का? लेट मी टॉक टु माय ग्रँडडॉटर.

मग रडली. मग एकदम वकिलासारखी बोलायला लागली — कुठलीही सही करणार नाही, मिळेल ते विमान पकडते, शनिवारी पोचते, मला घ्यायला याल का, आपण दोघी मिळून थेट घरी जाऊ, हवं तर पोलिसांना घेऊन. मी म्हटलं, तोवर आंटीला एक अक्षर कळू देऊ नकोस. डोन्ट लेट हर नो. ती म्हणाली, मुळीच नाही.

फोन ठेवल्यावर धाकटीनं न विचारता चहा ठेवला. गुरुवारी तासाला जायचं, काही झालंच नाही असं दाखवायचं, आणि काकांना त्या एकाच क्रियापदात बातमी द्यायची. वाक्यही ठरवलंय. शी वोन्ट लेट यू डाउन. ती तुम्हाला अंतर देणार नाही. त्यांना हे नवीन आहे, पण कळेल. हुशार आहेत.

२७ नोव्हेंबर, बुधवार

नातीचा निरोप आला, तिकीट मिळालं. धाकटी पलीकडची खोली झाडून घेतेय. उद्याचा दिवस नीट जाऊ दे.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

वरच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. पितळी कडी लोंबत होती. खाटेवर गादी गुंडाळलेली. काच घासायचं चाक नाही, कपाट नाही.

भाचेसून नेहमीच्या खुर्चीत विणत होती. मी विचारलं, काका कुठे आहेत? दोनदा विचारलं. तिनं ओळ पुरी केली, सुया मांडीवर ठेवल्या आणि म्हणाली,

"यू डिडन्ट लेट मी नो, टीचर. यू ऑलवेज लेट मी नो."

तुम्ही मला कळू दिलं नाहीत. नेहमी कळू देता. स्वच्छ इंग्रजी. उच्चार माझ्यापेक्षा चांगले.

दर रविवारी ती नातीशी बोलत होती, आणि कुठल्या भाषेत ते मी विचारलंच नाही. पहिल्या तासापासून तिला शब्द न् शब्द कळत होता. माझ्या सांगण्याची तिला गरजच नव्हती. मी सांगते की नाही, तेवढंच ती बघत होती. मी सांगत होते तोवर काका त्या खोलीत होते.

नात विमानात बसली. शनिवारी तिला घेऊन मी जाऊ कुठे?